नातवंडं-भाचरं सांभाळणाऱ्या घरांसाठी: सोलापुरात कागद कुठून सुरू करायचे, मदत कुठे मागायची

माझी बहीण २०१७ मध्ये गेली तेव्हा भाची नऊ वर्षांची होती, भाचा पाच. दाजी आधीच अपघातात गेलेले. पोरं कुणाकडे राहणार यावर फार बोलणं झालंच नाही. मी म्हटलं माझ्याकडे, आई म्हणाली बरं झालं, आणि त्याच संध्याकाळी दोघांची दप्तरं आमच्या घरी आली. कागदाचा विचार कुणाच्या मनात आला नाही. आपलीच पोरं, त्यात कागद कसला?

वर्षभरातच शाळेत, बँकेत आणि तलाठ्याकडे एकच प्रश्न आला: तुम्ही यांच्या कोण? मावशी हे उत्तर घरात पुरतं. टेबलापलीकडच्या माणसाला ते पुरत नाही, आणि त्यात त्या माणसाचाही दोष नसतो. आपल्या पूर्व भागात विड्या वळून नातवंडं वाढवणाऱ्या किती आज्ज्या आहेत. करमाळा-मंगळवेढ्याकडे आईबाप ऊसतोडीला गेल्यावर गावात राहिलेली पोरं आहेत, पुण्याला कामाला गेलेल्यांची पोरं मामाकडे आहेत. या सगळ्या घरांत माया आहे, कागद नाही. त्यामुळे नुकसान होतं ते मुलाचं, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय.

आधी आपलं घर कोणत्या प्रकारात बसतं ते ठरवा

मदत कोणती मिळेल हे यावरच ठरतं. आई आणि वडील दोघंही नाहीत, हा एक प्रकार. एक पालक आहे, पण दुसरं लग्न करून गेला, तुरुंगात आहे, दुर्धर आजारी आहे किंवा बेपत्ता आहे, हा दुसरा. आईवडील दोघं धडधाकट आहेत, फक्त कामासाठी बाहेर आहेत, हा तिसरा. तिसऱ्या प्रकारात महिन्याच्या अनुदानाची अपेक्षा धरू नका. तिथे आईवडिलांची सही आणि आधारच्या प्रती घरात ठेवणं, शाळेत ‘आमच्या गैरहजेरीत आजी निर्णय घेईल’ असं लेखी पत्र देणं आणि रेशन बंद पडू न देणं, एवढं पाहा. पुढचं बरंचसं पहिल्या दोन प्रकारांसाठी आहे.

वडील बेपत्ता असतील तर पोलिसांत हरवल्याची तक्रार आजच द्या. ‘येईल परत’ म्हणत वर्षं जातात आणि कुठेही नोंद नसते. सात वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही तर न्यायालय त्याला मृत मानू शकतं, पण तो कधीपासून गायब आहे हे दाखवायला जुनी तक्रार फार कामाला येते.

पहिल्या महिन्यात एक पिशवी भरा

प्लॅस्टिकची चेनवाली पिशवी घ्या आणि ती कुणाच्याही हातात मूळ कागदांसकट देऊ नका. त्यात हे हवं: आईवडिलांचे मृत्यूचे दाखले (पाच-पाच प्रती काढा), मुलाचा जन्मदाखला, सगळ्यांची आधार कार्डं, जुनं रेशन कार्ड, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांची बँक पासबुकं, आणि कामाच्या ठिकाणचं कुठलंही कार्ड, मग ते विडी कारखान्याचं असो, गिरणीचं असो की बांधकाम कामगार मंडळाचं.

मृत्यू सोलापूर शहरात झाला असेल तर दाखला महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात मिळतो, गावात ग्रामपंचायतीत. घरी मृत्यू झाला की नोंद राहून जाते. २१ दिवसांच्या आत नोंद फुकट होते, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क लागतं. त्यानंतर वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दुःखात २१ दिवस कुठे जातात कळत नाही, म्हणून हे काम घरातल्या एखाद्या शांत डोक्याच्या माणसावर सोपवा.

मग रेशन कार्ड. जुन्या कार्डातून मुलाचं नाव कमी केल्याचा दाखला घ्यायचा आणि आपल्या कार्डात चढवायचं. गावाकडे तहसील कार्यालय, शहरात अन्नधान्य वितरण कार्यालय. हे काम कंटाळवाणं आहे, पण धान्याइतकंच दवाखान्यासाठीही लागतं: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, आणि कुटुंब म्हणजे रेशन कार्डावरची नावं. सिव्हिलमध्ये मूल भरती असताना कार्डात नाव नाही हे कळणं फार वाईट.

गेलेल्या माणसाचा हक्काचा पैसा शोधा

सरकारी अनुदानाच्या आधी हे करा, कारण हा पैसा आईबापांनी कमावलेला असतो आणि तो पडून राहतो. बहिणीचं विडी कारखान्याचं कार्ड डालड्याच्या डब्यात तीन वर्षं पडून होतं. त्यावर पीएफ क्रमांक होता. आम्ही तो डबा दर दिवाळीला पुसून परत फळीवर ठेवत होतो.

पीएफ कापला जात असेल आणि नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर तीन गोष्टी मिळू शकतात. जमा रकमेसाठी फॉर्म २०, विम्यासाठी फॉर्म ५ आयएफ आणि पेन्शनसाठी फॉर्म १० डी. आई किंवा वडील यांपैकी कुणीच उरलं नसेल तर मुलांना अनाथ पेन्शन असते. ती विधवा पेन्शनच्या ७५ टक्के, दरमहा किमान ७५० रुपये, एका वेळी दोन मुलांना, वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत. एक पालक हयात असेल तर त्याच्या पेन्शनसोबत मुलांना वेगळी बालपेन्शन मिळते. विम्याची कमाल रक्कम ७ लाख आहे. प्रत्यक्ष किती मिळेल हे पगारावर ठरतं. आपल्याकडच्या यंत्रमाग कामगारांत अनेकांचा पीएफ कापलाच जात नाही, तरी मालकाकडे एकदा विचारा.

नंतर पासबुक उघडा आणि मे-जूनच्या नोंदी बोटाने एकेक पाहा. ४३६ रुपये (जुन्या पासबुकात ३३०) कापले असतील तर तो जीवनज्योती विमा, २ लाखांचा. २० रुपये (पूर्वी १२) कापले असतील तर तो सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाखांचा. एवढ्या छोट्या आकड्यांकडे कुणी बघत नाही. बँकेत लगेच जा. शेतकरी कुटुंबात अपघाती मृत्यू असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे २ लाख तालुका कृषी अधिकाऱ्याकडे मागायचे. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये एकरकमी मिळतात, अर्ज तहसीलमध्ये.

बालसंगोपन योजना, आणि समितीची भीती

नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्रातली सगळ्यात उपयोगाची योजना ही आहे. पूर्ण नाव क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाला दरमहा २,२५० रुपये. मी अर्ज केला तेव्हा ४२५ होते. २०२३ मध्ये रक्कम वाढली. अनाथ मुलं यात येतातच, पण एक पालक असलेली, पालक तुरुंगात किंवा दुर्धर आजारी असलेलीही येतात. म्हणजे सून माहेरी गेली, मुलगा वारला आणि नातू आज्जीकडे आहे, तरी अर्ज करता येतो.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात, तिथल्याच जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. अकराही तालुक्यांचं काम इथूनच चालतं. माळशिरस किंवा करमाळ्याहून येणाऱ्यांनी आधी गावातल्या अंगणवाडीताईंना विचारून कागद पूर्ण करावेत, नाहीतर एका झेरॉक्ससाठी शंभर किलोमीटरची दुसरी खेप होते. लागतं ते असं: अर्ज, मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, मृत्यूचे दाखले, शाळेचा बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, मुलाच्या नावाचं आधार जोडलेलं बँक पासबुक, आणि घरासमोर मुलासोबत उभं राहून काढलेला फोटो. पालक तुरुंगात किंवा आजारी असेल तर त्याचा कागद. अर्जाला फी नाही. कुणी ‘करून देतो, दोन हजार द्या’ म्हणालं तर उठून या.

यानंतर समाजसेवक घरी येतात. मूल कुठे झोपतं, शाळेत जातं का, घरात कोण कमावतं, हे विचारतात आणि अहवाल लिहितात. तो अहवाल बाल कल्याण समितीपुढे जातो. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक महिला. मुलाला आणि तुम्हाला बोलावतात, आदेश काढतात.

इथेच लोक मागे फिरतात. माझी आईच म्हणाली होती, ‘नको ते. समितीपुढे गेलं की पोरं आश्रमात नेतात.’ दोन महिने या एका वाक्यामुळे अर्ज पडून होता. म्हणून स्पष्ट लिहिते: २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं तत्त्वच असं आहे की मुलाचा सांभाळ ही आधी कुटुंबाची जबाबदारी, आणि संस्था हा अगदी शेवटचा पर्याय. या कायद्यात काका, मामा, आत्या, मावशी, दोन्हीकडचे आजी-आजोबा यांना नातेवाईक म्हणून नावानिशी स्थान आहे. समिती बघते ती मूल सुरक्षित आहे का एवढंच. घर पत्र्याचं आहे, एकाच खोलीत सहाजण झोपतो, याची लाज वाटून घेऊ नका. गृहभेटीच्या दिवशी शेजाऱ्यांचा कूलर आणून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्याची काही गरज नसते. खोटं मात्र सांगू नका. मूल हॉटेलात कामाला जात असेल तर आधी ते थांबवा.

भाची समितीपुढे काय बोलली ते मला आजही आठवतं. बाईंनी विचारलं, तुला कुठे राहायचंय. ती म्हणाली, ‘जिथे भाऊ आहे तिथे.’ मुलांना आधी पढवून नेऊ नका, फक्त सांगा की विचारतील, आणि खरं बोलायचं.

आदेशाची मुदत बघून ठेवा. फेरतपासणी होते, शाळेचा बोनाफाईड दरवर्षी द्यावा लागतो, आणि पत्ता बदलला की कळवावं लागतं. पैसे दर महिन्याला वेळेवर येतीलच असं धरून घरखर्च बांधू नका. कधी काही महिन्यांचे एकदम येतात.

दुसरी वाट केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वाची, म्हणजे मुलाच्या खर्चासाठी दरमहा ४,००० रुपये. विस्तारित कुटुंबात राहणारी अनाथ मुलं त्यात बसतात, पण उत्पन्नाची मर्यादा आहे: गावात वर्षाला ७२,०००, शहरात ९६,०००. कार्यालय तेच. दोन्हींची माहिती एकाच वेळी विचारा, आपलं मूल कशात बसतं ते तिथल्या माणसाकडून समजून घ्या आणि आधी काही मिळत असेल तर अर्जात लिहा. लपवलेलं नंतर वसुलीला येतं.

तहसीलमधल्या दोन योजना

आजी-आजोबांपैकी कुणी ६५ च्या पुढे असेल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असेल तर श्रावणबाळ योजनेतून दरमहा १,५०० रुपये. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अठराखालच्या अनाथ मुलांचाही समावेश आहे, उत्पन्नाची मर्यादा तीच. अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत.

शाळा: वडिलांचं नाव बदलू नका

मामा लोक मायेपोटी एक चूक हमखास करतात. शाळेत घालताना वडिलांच्या जागी स्वतःचं नाव लिहितात, ‘पोराला कुणी विचारायला नको’ म्हणून. त्या क्षणी बरं वाटतं. दहावीनंतर जातीचा दाखला काढताना कळतं की कागदावर मूल भलत्याच घरचं झालंय, वारसा आणि अनाथ प्रमाणपत्रही अडकतं. वडिलांच्या जागी वडिलांचंच नाव राहू द्या, आणि पालक म्हणून तुमचं नाव नात्यासकट लिहायला सांगा.

जातीच्या दाखल्याचे पुरावे वडिलांच्या बाजूचे लागतात, तेही जुने: अनुसूचित जातीसाठी १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्या जमातींसाठी १९६१, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १९६७. मूल आईच्या माहेरी वाढत असेल आणि दोन्ही घरांत बोलणं बंद असेल तर हे कागद मिळणं अवघड होतं. म्हणून भांडण मिटायची वाट न बघता आजोबांच्या शाळेतून थेट उतारा मागा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला दोन्हीकडची माणसं सोलापुरात येतातच. तिथे एखाद्या जाणत्याला मध्ये घाला.

शाळा सोडल्याचा दाखला यायला वेळ लागतोय म्हणून, किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून, आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षणहक्क कायदा तसं सांगतो. खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांत अनाथ मुलं वंचित घटकात येतात. आणि एक इथलीच गोष्ट: अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे कन्नड शाळा, शहरात तेलुगू आणि उर्दू शाळा. आई गेल्यावर कन्नड शाळेतलं मूल थेट मराठी वर्गात बसवलं की त्याच्यावर दुसरा घाव बसतो. जमलं तर तेच माध्यम ठेवा, नाहीतर निदान वर्ष पुरं होऊ द्या.

सांभाळ, पालकत्व, दत्तक: तिन्ही वेगळं

शंभर रुपयांच्या स्टँपवर नोटरी करून ‘दत्तकपत्र’ केलेली घरं पुष्कळ. बहुतेकांना दत्तकाची गरजच नव्हती, आणि केलं ते कायद्यात टिकणारंही नाही. हिंदू दत्तक कायद्यात मूल देण्याचा अधिकार आईवडिलांचा. दोघंही नसतील तर पालकाला आधी न्यायालयाची परवानगी लागते. मूल पंधराच्या आतलं हवं, आणि घरात मुलगा असेल तर मुलगा दत्तक घेता येत नाही. बाल न्याय कायद्यात नातेवाइकांनी दत्तक घेण्याची वेगळी सोय आहे, सगळ्या धर्मांना. आदेश जिल्हाधिकारी काढतात. पण एक लक्षात ठेवा: दत्तक झालं की मूल कायद्याने तुमचं होतं, अनाथ राहत नाही, आणि अनाथ म्हणून मिळणारे हक्कही संपतात. स्वतःचं मूल म्हणूनच वाढवायचं असेल तर जरूर करा. केवळ शाळेच्या फॉर्मसाठी करू नका.

बहुतेक घरांना लागतं ते पालकत्व. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयात अर्ज करायचा. जवळच्या नातेवाइकांना नोटीस जाते, मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं म्हणणं ऐकतात. काही महिने जातात. बहिणीच्या पीएफसाठी मला हाच कागद लागला, कारण मावशी ही कायद्याने आपोआप पालक होत नाही. वकिलाच्या खर्चाला घाबरू नका: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. न्यायालयाच्या आवारात जाऊन चौकशी करा किंवा १५१०० वर फोन करा.

वडील हयात असून दारू पिऊन येतात, पोरं ओढून नेतो म्हणतात, असं असेल तर मुलं लपवू नका. १०९८ ला फोन करा, समितीपुढे जा. कायद्याने वडील पालक असले तरी न्यायालय मुलाचं हित सगळ्यात वर धरतं.

जमीन किंवा घर असेल तर

वारस नोंद तीन महिन्यांत कळवा. सातबाऱ्यावर मुलाचं नाव लागतं आणि अ.पा.क. (अज्ञान पालन कर्ता) म्हणून सांभाळणाऱ्याचं. ते नाव लागलं म्हणून तुम्हाला विकायचा अधिकार मिळत नाही. न्यायालयाने नेमलेल्या पालकालाही विक्रीसाठी परवानगी घ्यावीच लागते. चुलते ‘सही करा, पोराच्या शिक्षणाला पैसे देतो’ म्हणाले तर थांबा. परवानगीशिवाय झालेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत न्यायालयात रद्द करायला जाऊ शकतं, हे त्यांनाही सांगा.

घरातलं

मुलांना खरं सांगा. भाच्याला आम्ही ‘आई दवाखान्यात आहे’ असं सांगत राहिलो. तो रोज संध्याकाळी दारात बसायचा. शेवटी शाळेतल्या एका मुलाने त्याला सांगितलं. आठ दिवस तो आमच्याशी बोलला नाही. लहान मुलालाही साध्या शब्दांत सांगता येतं: आई वारली, ती परत येणार नाही, तू इथेच राहणार आहेस. हे तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आणि ते पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. रात्री अंथरूण ओलं होणं, वर्गात मारामारी, जेवताना वाटीत लपवून ठेवणं, हे वाईट वळण नाही. महिनोन् महिने चाललं तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दाखवा.

स्वतःच्या मुलांनाही वेळ द्या. माझी लेक एकदा म्हणाली, ‘माझी आई मेली असती तर तू माझ्याशी पण असंच गोड बोलली असतीस का?’ मी तेव्हापासून रविवारी तासभर फक्त तिच्यासोबत बाहेर जाऊ लागले.

आज्जी-आजोबांनी आणखी एक ठरवून ठेवावं: आपल्यानंतर कोण. नाव ठरवा, त्या माणसाला विचारा, मुलाला सांगा, समाजसेवकांनाही कळवा. सत्तरीतल्या माणसाने हा विषय टाळू नये.

सतरा पूर्ण होताच

बालसंगोपन अठराला थांबतं, म्हणून एक वर्ष आधी तयारी करा. आईवडील दोघं नसतील तर महिला व बालविकास कार्यालयातून अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज भरा. शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांना १ टक्का आरक्षण आहे, आणि ते फक्त बालगृहातल्या मुलांना नाही. नातेवाइकांकडे वाढलेल्यांसाठी संस्थाबाह्य प्रवर्ग आहे. कोविडमध्ये दोन्ही पालक गेले आणि तेव्हा पीएम केअर्समध्ये नाव नोंदलं असेल तर अठरानंतर मासिक रक्कम आणि तेविसाव्या वर्षी १० लाख मिळतात. त्या खात्याचे कागद आताच तपासा.

अठरा झालं की बँक खातं अज्ञानावरून सज्ञान करून घ्या, नवी सही, नवा फोटो, आधारवर स्वतःचा मोबाईल. अनाथ पेन्शन पंचविशीपर्यंत चालते, पण दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि तो आता मुलानेच द्यायचा. भाचीला मी गेल्या महिन्यात चेनची पिशवी दाखवली. सगळे कागद पलंगावर मांडून एकेक कशाचा ते सांगितलं. बहिणीचं विडीचं कार्ड तिने हातात घेतलं, त्यावरचा फोटो बराच वेळ बघितला, आणि विचारलं, ‘याची कलर झेरॉक्स मिळेल का, मावशी?’